फॅन फिरत नाही? मोटर बदलण्याआधी
लोहाऱ्यात आज व्याख्यानाआधीच एकांनी विचारलं, उमरग्याच्या रस्त्याला गाडी ठीक पळते, बाजारात अडकली की काटा लाल रेषेवर जातो, असं का? मंडळी, पळताना वारा रेडिएटर थंड करतो; उभ्या गाडीला फॅनच लागतो. तो बंद राहिला तर हेड गॅस्केट जातं.

इंजिन गार असताना चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत त्याबरोबर फॅन फिरतो. फिरला, तर मोटर चांगली. संशय तापमानाच्या सेन्सरवर. नाही फिरला, तर फ्यूज बघा, मग रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून बघा. हात पात्यांपासून लांब ठेवा हं, चावी काढल्यावरही काही गाड्यांत फॅन सुरू होतो.

आता फसगत इथं होते. एसी चालू ठेवून फॅनचा कपलर काढला, मीटर लावला, बॅटरीइतके व्होल्ट दिसले, की आपण मोटर मोडीत काढतो. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. तारेचा एक धागा शाबूत असला तरी त्याला भागतं. फॅनला मात्र 10-15 अँपिअर लागतात. म्हणून तिथं हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावा. मिणमिणला, तर दोष वायरिंगमध्ये. (वेग कमी-जास्त होणाऱ्या नव्या फॅनला ही युक्ती चालत नाही.) मग बल्बचं काळ्या वायरीकडचं टोक थेट बॅटरीच्या मायनसला लावा. लख्ख पेटला, तर अर्थ खराब: बॉडीवरचा तो बोल्ट खोला, पॉलिश पेपरनं घासा, आवळा. तरी मिणमिणतच राहिला, तर रिलेच्या सॉकेटपासून येणारी प्लसची वायर तपासा.