प्राध्यापकांना भेटताना

अमेरिकेत कॉलेज पाहायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

■ कधी : जून ते ऑगस्ट सुट्टी असते, बरेच प्राध्यापक भेटत नाहीत. सत्र चालू असताना जा. ‘ऑफिस अवर्स’ विचारून घ्या. चार ओळींचा ईमेल आधी पाठवा, आणि तो स्वतःच लिहा.

■ काय विचारावे : पहिल्या वर्षाच्या वर्गात किती मुले असतात? शिकवतात कोण, प्राध्यापक की टीचिंग असिस्टंट? प्रयोगशाळेत काम कधीपासून मिळते?

■ काय विचारू नये : ‘माझा नंबर लागेल का?’ पदवीचे प्रवेश सहसा अ‍ॅडमिशन्स ऑफिस ठरवते.

■ आई-बाबांनी : बाहेरच्या बाकावर बसावे. मार्कांची फाइलही तिथेच ठेवावी.