एक ‘गा’, तीन नोंदी

दोन गोष्टी ‘एकच’ आहेत असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? तत्त्वज्ञानातला हा जुना प्रश्न आज एका जपानी अक्षरावर तपासून पाहू.

काताकाना ही लिपी जपानीत मुख्यतः परकी शब्द आणि परकी नावं लिहायला वापरतात. आपल्याकडचा एखादा गणेश तोक्योला नोकरीला गेला, की तिथे त्याच्या नावाची सुरुवात काताकानातल्या ‘गा’ने होते. हा ‘गा’ लिहायचा कसा? आधी ‘का’ काढायचा आणि त्याच्या उजव्या खांद्यावर दोन छोट्या रेघा द्यायच्या. या रेघांना दाकुतेन म्हणतात.

संगणक मजकूर साठवतो तेव्हा अक्षराचा आकार साठवत नाही. तो साठवतो क्रमांक. आकार नंतर फॉन्ट पुरवतो. म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक, याचा तक्ता आधी माणसांनी ठरवायला हवा.

जपानने १९६९ साली असा एक तक्ता प्रमाणित केला. त्यात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. जागा थोडी, म्हणून ‘गा’ला स्वतंत्र घर मिळालंच नाही. ‘का’ १८२, दाकुतेन २२२. दोन्ही शेजारी ठेवले की ‘गा’. पडद्यावर ही अक्षरं अर्ध्या रुंदीची दिसत. १९७८च्या तक्त्यात एका अक्षराला दोन बाइट मिळाले, सहा हजारांहून अधिक कांजी अक्षरं आली आणि ‘गा’लाही स्वतःची जागा मिळाली.

१९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातल्या सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता करायचा, हा त्यामागचा विचार. तिथे अखंड ‘गा’चा क्रमांक आहे १२४६०. फाइलमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने तो २२७, १३०, १७२ अशा तीन बाइटमध्ये उतरतो. पण ‘का’ १२४५९ आणि त्याला जोडायचं दाकुतेन १२४४१, असाही ‘गा’ लिहिता येतो. त्याला सहा बाइट लागतात. शिवाय अर्ध्या रुंदीचा जुना ‘गा’ आहेच: ६५३९८ आणि ६५४३८. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून परत जसाच्या तसा नेता यावा, म्हणून त्याला वेगळी जागा ठेवली.

आता बघा, वाचणाऱ्याला अक्षर एकच, पण यंत्राकडे नोंदी तीन. नुसते आकडे ताडून पाहिले तर ही तिन्ही नावं वेगळी! म्हणून युनिकोडने नियम केले. अखंड ‘गा’ आणि जोडून केलेला ‘गा’ पूर्ण समान मानायचे. अर्ध्या रुंदीच्या ‘गा’चं नातं मात्र सैल: अक्षर तेच, वेष वेगळा. तुलना करण्याआधी सगळ्यांना एका ठरलेल्या रूपात आणायचं, याला सामान्यीकरण म्हणतात. जपानी बँकांमध्ये पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आजही अर्ध्या रुंदीच्या काताकानात जातं. तेव्हा हा प्रश्न नुसता वर्गातला नाही.

आणि फक्त जपानचाही नाही. आपल्या ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ घ्या. तो २३५३ या एका क्रमांकाने लिहिता येतो, किंवा ‘र’ २३५२ आणि नुक्ता २३६४ असे जोडूनही. दिसायला फरक नाही. शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सामान्यीकरण केलेलं नसेल, तर गाव यादीत असूनही सापडणार नाही.

तर ‘तेच अक्षर’ हे आकड्यांत कुठेही लिहिलेलं नसतं. ते वाचणाऱ्यांनी आपसात मान्य केलेलं असतं आणि यंत्राला नियम करून शिकवावं लागतं. उद्या एखाद्या खिडकीवर ‘या नावाची नोंद नाही’ असं उत्तर आलं, तर एवढं लक्षात असू द्या: यंत्राने माणूस नाकारलेला नाही, त्याचे आकडे जुळलेले नाहीत. ते जुळवून पाहणं हे खिडकीमागच्या माणसाचं काम आहे.