गाडी लोअर केली, मग अलाइनमेंट?

ब्रिस्टल हे चढउतारांचं शहर. टॉटरडाउनमधली व्हेल स्ट्रीट तर इंग्लंडमधल्या सगळ्यात उभ्या वस्तीच्या रस्त्यांत गणली जाते. शहराच्या बऱ्याच भागात ताशी 20 मैलांची मर्यादा आहे आणि ती पाळली जावी म्हणून ठिकठिकाणी गतिरोधक. ब्रिटिश नियमांनुसार त्यांची उंची 25 ते 100 मिलिमीटर असू शकते. अशा ठिकाणी आधीच बुटकी असलेली गाडी आणखी 30-40 मिलिमीटर खाली आणायची हौस का असावी, हे मला उमगलेलं नाही. पण हौसेला मोल नसतं, आणि पहिली गाडी हातात आली की आखूड स्प्रिंगा बसवणारी पोरं आपल्या मराठी घरांतही आहेत. तेव्हा त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या तोंडी हमखास येणारे काही समज तपासून पाहू.

सगळ्यात पक्का समज असा: “स्टिअरिंग सरळ आहे, गाडी कुठे ओढत नाही, मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, कशाला?” गाडी ओढते ती दोन्ही बाजूंत फरक पडला की. लोअर करताना डावी-उजवी चाकं साधारण सारखीच बिघडतात. दोन्हीकडची ओढ एकमेकींना मारून टाकते आणि एम 32 मोटरवेवर गाडी नाकासमोर धावते. टायर मात्र झिजत असतो.

कारण साधं आहे. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आणि चाक वळवणारा टाय रॉड, दोघांची लांबी वेगळी, टोकं वेगळ्या जागी. गाडी खाली बसली की दोघं आपापल्या कमानीत फिरतात, पण सारखे फिरत नाहीत. या ओढाताणीत चाकाचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळतं. यालाच टो बिघडणं म्हणतात. कुठल्या दिशेला वळेल, हे स्टिअरिंग रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर बरंचसं ठरतं.

किंचित म्हणजे किती? एखादं चाक आपल्या दिशेपासून अंशाचा दहावा भाग तिरकं आहे, असं धरा. डोळ्यांना ते दिसणारही नाही. भूमितीच्या हिशेबाने असं चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासटत जातं. 10,000 किलोमीटरमागे हे साडेसतरा किलोमीटर होतात. गाडी टायर खाते, ती अशी.

इथे दुसरा समज येतो. टायरची आतली कड गेली की बोट कॅम्बरकडे, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाकडे, दाखवलं जातं. गाडी खाली आली की चाकाचा माथा बहुतेक वेळा आत झुकतो, हे खरं. त्यामुळे आतली कड थोडी जास्त झिजते, हेही खरं. पण माझ्या मते कॅम्बर फुकट बदनाम झाला आहे. टो नीट असेल, तर थोडा जास्तीचा कॅम्बर टायर बराच काळ निभावून नेतो. टो बिघडलेला असेल, तर तीच कड बघता बघता जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं, तर दोष टोचा.

“एमओटी पास झाली, म्हणजे सगळं ठीक.” हा समज महागात पडतो. कारच्या एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत, अलाइनमेंट मोजतच नाहीत. टायरच्या नक्षीची किमान 1.6 मिलिमीटर खोली बघतात, तीही रुंदीच्या मधल्या तीनचतुर्थांश भागात. लोअर केलेली गाडी नेमकी त्या मापाबाहेरची आतली कड खाते. तिथून आतल्या तारा डोकावू लागल्या, की टायर धोकादायक ठरतो. रस्त्यावर असा टायर सापडला तर एकेका टायरमागे 2,500 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट.

“टायरवाल्याने ट्रॅकिंग करून दिलंय.” ब्रिटनमध्ये ट्रॅकिंग म्हणजे सहसा फक्त पुढच्या चाकांचा टो. मागची चाकं कुठे बघताहेत, हे त्यात कळत नाही. आणि ती तिरकी असतील, तर पुढचं जुळवूनही गाडी किंचित तिरपीच चालते. लोअर केल्यावर चारही चाकांची मोजणी हवी. मात्र मोजलेलं सगळंच बदलता येतं असं नाही. पोलो, फिएस्टासारख्या गाड्यांना मागे बीम असतो, तिथे फिरवायला बोल्टच नाही. पुढचा कॅम्बरही अनेक गाड्यांत कंपनीने ॲडजस्टेबल ठेवलेला नसतो, त्यासाठी वेगळे कॅम्बर बोल्ट टाकावे लागतात. रिपोर्ट वाचताना अंश आणि मिनिटांचा घोळ करू नका. एका अंशात 60 मिनिटं, त्यामुळे 0 अंश 10 मिनिटं आणि 0.10 अंश ही दोन वेगळी मापं आहेत.

स्प्रिंगा टाकल्या त्याच दिवशी अलाइनमेंट उरकण्याची घाईही नको. त्या काही दिवसांत थोड्या बसतात आणि उंची बदलते. सुरुवातीला टो अंदाजे जुळवून घ्यावा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पक्की मोजणी करावी. त्याआधी मेकॅनिकला एक प्रश्न जरूर विचारा: आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले का? लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले, तर रबराचा बुश कायमचा पिळलेला राहतो, उंची खरी बसत नाही आणि बुशही लवकर फाटतो.

चाकांचं बॅलन्सिंग म्हणजे अलाइनमेंट नव्हे, तो वेगळाच विषय. त्याने थरथर जाते, टायरची कड वाचत नाही.

गाडी जितकी खाली तितकी वळणावर भक्कम, हेही अर्धसत्य. स्ट्रट सस्पेन्शन असलेल्या गाडीत गुरुत्वमध्य खाली येतो, पण गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो त्याहून जास्त खाली जातो. फार खाली आणलेली गाडी म्हणूनच मूळ गाडीपेक्षा जास्त कलू पाहते. तो कल मग कडक स्प्रिंगा दाबून धरतात.

काम झाल्यावर हेडलाइटचा झोत तपासून घ्या, तो एमओटीत बघतात. काचेमागे लेनचा कॅमेरा असेल, तर त्याचं कॅलिब्रेशन लागेल का, हेही विचारा. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवायला विसरू नका. जाणूनबुजून लपवलेला बदल क्लेम नाकारायला पुरेसा ठरू शकतो. आणि गॅरेजमधून निघताना आधीच्या आणि नंतरच्या मापांची छापील प्रत मागून घ्या. ती द्यायला जो खळखळ करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.