बोटीची हौस, मदतीचा हात : चॅरिटी पॉवरबोट रन म्हणजे नेमकं काय?

रायपूरहून भिलाईकडे निघालात की कुम्हारीजवळ खारून नदीचा पूल लागतो. उन्हाळ्यात ही नदी अंग चोरून वाहते, पावसाळ्यात मात्र तिच्याकडे बघून छातीत धस्स होतं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. मग कुम्हारीत बसून पॉवरबोटींबद्दल का वाचायचं? कारण पूर काही समुद्र बघून येत नाही! आणि पूर आला की पहिली हाक बोटीलाच जाते.

ही शर्यत नाही

मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटींची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली होती. काहींना ती आठवत असेल. चॅरिटी रन हा त्याहून वेगळा प्रकार. चांगल्या कामासाठी मॅरेथॉन धावतात ना, तसंच हे, फक्त पाण्यावर. बोटींची हौस असलेली मंडळी एकत्र येतात, मार्ग ठरवतात आणि ओळखीच्यांकडून देणगी गोळा करतात. मग सगळ्या बोटी ताफ्याने निघतात. इथे पहिलं कोण आलं याला महत्त्व नसतं. ताफ्याचा वेग ठरतो तो सगळ्यात हळू चालणाऱ्या बोटीवरून.

देणगीच्या डब्यामागची गोष्ट

पाण्यात अडकलेल्यांसाठी लोकांनी पैसे गोळा करायचे, ही परंपरा ब्रिटनमध्ये खूप जुनी आहे. तिथली 'रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन' ही संस्था 1824 मध्ये सुरू झाली. ती आजही मुख्यतः देणग्यांवर चालते आणि तिच्या बोटींवर बहुतेक स्वयंसेवकच असतात.

डिसेंबर 1886 मध्ये 'मेक्सिको' नावाचं जहाज वादळात सापडलं. त्याला वाचवायला तीन लाइफबोटी निघाल्या. एका बोटीने जहाजावरच्या 12 जणांना सुखरूप आणलं, पण उरलेल्या दोन बोटींवरचे 27 जण बुडाले. त्यांच्यामागे बायका-मुलं उघड्यावर पडली. या घटनेने लोक हेलावले. पुढे 1891 मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांवर 'लाइफबोट सॅटर्डे' साजरा झाला आणि लोकांनी सढळ हाताने पैसे दिले. रस्त्यावर डबा फिरवून देणगी मागण्याच्या पद्धतीची ती सुरुवात मानली जाते.

आपल्याकडे काय?

2018 च्या केरळच्या महापुरात मच्छीमारांनी आपल्या बोटी ट्रकवर चढवल्या आणि थेट बुडालेली गावं गाठली. त्यांनी 65 हजारांच्या आसपास लोकांना बाहेर काढलं, असं तिथल्या सरकारने सांगितलं. इंजिनची बोट आणि ती चालवणारा सराईत हात काय करू शकतो, ते तेव्हा सगळ्या देशाने पाहिलं.

दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर नेणारी बोटच उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. वाचायला निघालेल्यांचेच जीव गेले. म्हणजे नुसती बोट असून भागत नाही. लाइफ जॅकेट हवं, शिस्त हवी आणि "आता आणखी कुणी नको" असं ठामपणे सांगणारा माणूसही हवा.

आणि बोटीची गरज काही फक्त पुरातच पडते असं नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे 2020 च्या टाळेबंदीत स्वतः होडी वल्हवत नर्मदेकाठच्या पाड्यांवर जात होत्या. कशासाठी? बाळांची आणि गरोदर बायकांची तपासणी चुकू नये म्हणून! देणगीतून इंजिनची एक बोट अशा ठिकाणी पोहोचली, तर किती हातांचं ओझं हलकं होईल!

तुम्हाला भाग घ्यायचा असेल तर

कधी अशा रनमध्ये जायची संधी मिळाली, तर एवढं नक्की बघा :

• लाइफ जॅकेट मापाचं हवं आणि ते अंगात हवं, सीटखाली नाही. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचं लागतं.

• चालकाच्या पायाला किंवा मनगटाला 'किल कॉर्ड' बांधलेली हवी. तो पाण्यात पडला तर ही दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

• इंधनाचे तीन भाग धरा : एक जायला, एक यायला आणि एक अडीअडचणीला.

• निघताना किती माणसं आहेत ते मोजा, परतल्यावर पुन्हा मोजा. मार्ग आणि परतीची वेळ किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून ठेवा.

• होड्या, जाळी किंवा घाट जवळ आला की वेग कमी करा. मोठ्या बोटीच्या लाटेने छोटी होडी उलटू शकते.

• पैसे कुठल्या कामाला जाणार आणि हिशेब कोण देणार, हे देणगी मागण्याआधीच विचारा.

आणि बोट नसेल तर?

तरी करण्यासारखं बरंच आहे. यंदा पावसाळ्याआधी तुमच्या गावात एवढंच विचारा : पूर आला तर बोट कुठून येणार? ती कोण चालवणार? लाइफ जॅकेट किती आहेत? उत्तर "माहीत नाही" असं आलं, तर सोसायटीच्या किंवा मंडळाच्या वर्गणीतून चार जॅकेट आणि एक लांब, मजबूत दोर घेऊन ठेवा. घरातल्या मुलांना पोहायला शिकवा. आणि हेही बजावून ठेवा, की कुणी बुडत असेल तर लगेच उडी मारायची नाही. आधी मोठ्याने ओरडून माणसं गोळा करायची, मग दोर, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन त्याच्याकडे टाकायचा. एवढं तर बोट नसतानाही जमेल, नाही का?