घोडनदीचा मासा आणि पावणेदोनशे वर्षांचा घोळ

नवी प्रजाती सापडली म्हटलं की आंबोली, महाबळेश्वर अशी नावं समोर येतात. शिरूर-दौंडला ऊस, कारखाने आणि उजनीच्या फुगवट्यावरचे पक्षी यांपलीकडे जीवशास्त्रात फारसं कुणी विचारत नाही. तरी या दोन तालुक्यांच्या नद्यांनी विज्ञानाला नावं दिली आहेत, आणि त्यातल्या एका नावाने भल्याभल्यांना चकवलं.

सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्सपासून करावी लागते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला सांख्यिकीच्या कामावर नेमलं आणि १८३१ पर्यंत त्याने दख्खन पालथं घातलं. काम शेतसारा, शिरगणती, पिकं मोजण्याचं. ओढा मात्र प्राण्यांकडे. १८३२ मध्ये त्याची पक्ष्यांची यादी छापून आली, १८३९ मध्ये माशांची वर्णनं. भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांतले हे मासे. त्याने बऱ्याच माशांच्या शास्त्रीय नावांत इथली बोलीतली नावंच घातली: शिंगाला, खुदरी, गुंगवारी. साहेबी स्पेलिंगमध्ये त्यांचे हाल झाले, पण आपल्या वरिष्ठांची नावं माशांना चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

यातल्या दोन नावांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. ‘बार्बस खुदरी’ हा पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला. ही नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमेच्या एका तीरावर शिरूर, दुसऱ्यावर दौंड. ‘बार्बस मुसुल्ला’ थेट शिरूरच्या घोड नदीतला. शिरूर तेव्हा लष्करी छावणीचं गाव होतं. कोरेगाव भीमाला लढलेली कंपनीची पलटण पुण्याकडे निघाली होती ती इथूनच.

घोळ झाला तो मुसुल्लाचा. वर्णन छापलं गेलं, पण ज्या माशावरून ते केलं तो टाइप नमुना मागे राहिला नाही. मग पुढच्या प्रत्येकाने शब्दांवरून मासा ओळखायचा. १९४० च्या दशकात सुंदरलाल होरा यांनी साइक्सच्या दख्खनी बार्बस माशांवर स्वतंत्र लेख लिहिला. १९९२ मध्ये ए. जी. के. मेनन यांनी कावेरीतल्या प्रचंड, पाठीला कुबड असलेल्या महसीर माशाला ‘टॉर मुसुल्ला’ ठरवलं. शिरूरचं नाव असं दक्षिणेतल्या माशाला जाऊन चिकटलं. २०१३ मध्ये नाइट, राय आणि डिसूझा यांनी मुसुल्ला महसीरच नाही, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातला, असं दाखवलं. कावेरीचा राजा त्यामुळे बेनाव झाला. २०१८ मध्ये त्याची ओळख पटली ती ‘टॉर रेमादेवी’ म्हणून, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त ठरला. धड नाव नसलेल्या माशाचं संरक्षण कोणत्या कागदावर करणार होतो आपण?

खुदरीचं नशीब उलटं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास झाली आणि पिल्लं देशभर गेली. कावेरीतही सोडली, तिथे ती फोफावली आणि कुबडवाला मागे हटला. पुण्याच्या माशाने कावेरीच्या माशाची जागा घेतली.

मासे निदान डोळ्यांत भरतात. त्याच पाण्यातल्या कॅडिसफ्लायसारख्या कीटकांचं काय? जगात त्यांच्या सोळा हजारांवर प्रजाती आहेत, भारतात हजाराहून अधिक. यातल्या कितीतरी फर्नांड श्मिड या स्विस संशोधकाच्या १९५८ ते १९६२ च्या भारतभ्रमंतीतून कळल्या. पुण्याच्या आसपासच्या जलकीटकांवर टोणपी यांनी १९५९ मध्ये टिपण लिहिलं. बऱ्याच कॅडिसफ्लायच्या अळ्या तोंडातून रेशीम काढून वाळूचे कण जोडतात आणि अंगाभोवती नळी बांधतात. खडकावर पाहिली तर काडीचा तुकडाच वाटावा. काही जाती प्रवाहात जाळी विणून वाहतं अन्न धरतात. पण नुसत्या अळीवरून प्रजाती ठरवणं सहसा जमत नाही. त्यासाठी दिव्यावर आलेला पतंगासारखा प्रौढ नर लागतो. त्याच्या पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून पारदर्शक करायचं आणि जननेंद्रियांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली काढायचा. शेजारच्या जातीशी फरक कधी कधी एवढ्याशा आकड्याच्या वळणाचा. मग तो टाइप नमुना क्रमांक लावून संग्रहात ठेवायचा. पुण्यात त्यासाठी आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे. साइक्सच्या मुसुल्लाचं नेमकं हेच राहून गेलं.

संशोधक घाटातल्या ओढ्यांकडे जातात ते बरोबरच आहे, तिथे जाती जास्त. पठारावरच्या नद्यांकडे मात्र उशीर करून चालणार नाही. घोडवर चिंचणीला धरण आहे, वाळूउपशाने भीमेचा तळ खरवडला गेलाय, मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णी घेऊन येते. वाहतं, खडकाळ पाणी उरलंय ते थोड्या ठिकाणी. टाकळी हाजी आणि निघोज यांच्या मधली कुकडीची रांजणकुंडं त्यातली एक जागा. पाऊस ओसरताना तिथे एक रात्र पांढरी चादर, दिवा आणि अल्कोहोलच्या कुप्या घेऊन बसायला मोठा प्रकल्प लागत नाही. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मुलांनाही जमेल. कुपीत टाकायच्या चिठ्ठीवर गाव, नदी आणि तारीख तेवढी पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.