हवीहवीशी गळती

इनबोर्ड बोट बांधणारा कारागीर बोटीला पाण्याच्या पातळीखाली मुद्दाम एक भोक ठेवतो. त्याला इलाजच नसतो. इंजिन आत, पंखा बाहेर. दोघांना जोडणारा शाफ्ट कुठून तरी बाहेर निघायलाच हवा. शिवाय तो मिनिटाला शेकडो फेरे घेणार, म्हणजे ती जागा कायमची बुजवायचीही सोय नाही.

असं एक इंच व्यासाचं भोक पाण्याखाली 60 सेंटिमीटरवर उघडं राहिलं, तर सेकंदाला साधारण एक लिटर पाणी आत घुसेल, तासाला साडेतीन हजार लिटर! तरीही कोकणातले ट्रॉलर हाच शाफ्ट घेऊन दिवसच्या दिवस समुद्रात असतात. ही किमया ग्लँडची, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या जोडणीची.

मेण किंवा चरबी मुरवलेल्या चौकोनी दोरीचे तुकडे शाफ्टभोवती एकामागून एक बसवतात. प्रत्येकाची टोकं तिरकी कापायची आणि सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. वरून नट आवळला की दोरी दबून शाफ्टला बिलगते. आता खरी गंमत: अशा जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत! तेच पाणी दोरीला ओलं आणि शाफ्टला थंड ठेवतं. थेंब बंद करण्याच्या नादात नट जास्त आवळला, तर दोरी करपते, शाफ्टवर चरे पडतात आणि पाणी आणखी जोरात येऊ लागतं.

म्हणून तळात पाणी साचलं की आधी ते कुठून आलं हे शोधायचं. तळ कोरडा पुसून संशयित जागांखाली वर्तमानपत्र अंथरलं, की पहिला ओला ठिपका पत्ता सांगतो. समुद्रातल्या बोटीत साचलेलं पाणी चाखल्यावर गोडं लागलं, तर पाऊस किंवा पिण्याची टाकी तपासायची. रंगीत पाणी मात्र चाखायचं नाही. ते इंजिनातलं विषारी कूलंट असू शकतं. इंजिन चालू असतानाच पाणी वाढतं? मग होजपाइप आणि समुद्राचं पाणी ओढणारा पंप बघा. बऱ्याच पंपांच्या पोटाखाली एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून टपकतं, बेअरिंगपर्यंत पोचत नाही. बिघाडाची वर्दी देण्याची सोय आधीच करून ठेवलेली!

लाकडी बोटीची तऱ्हा आणखी वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. फळ्या सुकल्या असतील, तर पाण्यात उतरवल्यावर सांध्यांतून पाणी झिरपतं. मग लाकूड फुगतं आणि बारीक फटी आपोआप मिटतात.

ग्लँडची दोरीच झिजली असेल, तर बोट वर घेऊन जुनी दोरी शेवटच्या तुकड्यापर्यंत उपसायची आणि नवी भरायची. बोट पाण्यात उतरल्यावर नट जरा जरा आवळायचा, इंजिन चालवून थेंब मोजायचे, मग इंजिन बंद करून ग्लँडला हात लावायचा. कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर नट थोडा सैल करायचा. बोटीच्या सर्वांत धोक्याच्या जागेची तब्येत समजायला एवढं पुरतं: मोजके थेंब आणि हाताचा स्पर्श.