माळवदाच्या घराला कसे आवळावे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली, ती बहुतांशी स्वतःच्याच घराखाली. भूकंपाचा धक्का ६.२ तीव्रतेचा. दोन-अडीच फूट जाडीची दगडमातीची भिंत भक्कम वाटे. प्रत्यक्षात ती शेजारी-शेजारी उभ्या दोन पातळ भिंती, मधे माती आणि चिपा. हादऱ्याने त्या फुगून सुटल्या आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, टनावारी माती खाली आली.

असे घर पाडावेच लागते असे नाही. आधी माळवदावरची माती कमी करावी. दर पावसाळ्यापूर्वी नवा थर टाकायची रीत या वजनाला कारणीभूत. मग भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधायचे: साधारण मीटर-मीटरवर दगड काढून आरपार भोक पाडायचे, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई त्यात ठेवून काँक्रीट भरायचे. दगड हलवून सैल करावा, घण मारू नये. नाहीतर शेजारचे दगडही निखळतात.

दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली जाळीचा पट्टा मारून सिमेंटचा गिलावा करावा. पट्टा कोपऱ्यावरून वळून सलग गेलाच पाहिजे, कोपरे आधी उघडतात. छत लाकडी खांबांवर असेल तर खांब-तुळईच्या सांध्यात तिरके टेकू ठोकावेत.

जाळीशिवाय वरवरचा गिलावा ही मात्र निव्वळ रंगरंगोटी. दुरुस्तीचे तपशील भारतीय मानक १३९३५ मध्ये आहेत.